नळ आला, माणसे पांगली आणि मी दमले

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून) :

«मी अडतीस वर्षांची आहे. मानखुर्दच्या एका वस्तीत गेली बारा वर्षे पाण्याच्या आणि घरांच्या प्रश्नावर संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती म्हणून काम करते. मानधन मिळते, पण वेळेवर मिळतेच असे नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या निम्म्या गल्ल्यांना अधिकृत नळजोडण्या मिळाल्या आणि त्यानंतर त्या गल्ल्यांतल्या बायका बैठकीला यायच्या थांबल्या. उरलेल्या गल्ल्यांसाठी वॉर्ड ऑफिसात मी एकटीच खेटे घालते. साठ-सत्तर कुटुंबांची कागदपत्रे माझ्या घरी खाटेखालच्या पेटीत आहेत. पाणी पहाटे चारला येते, त्यामुळे ते आले नाही की फोनही चारलाच वाजतो. परवा रात्री साडेनऊला एक आजी रेशनकार्डाचे काम घेऊन आल्या, तेव्हा मी आतल्या खोलीतून मुलीला खुणेने सांगितले, आई घरी नाही म्हण. असे मी कधी केले नव्हते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, लोकांची चीड येते आणि मग त्या चिडीची लाज वाटते. आमच्या ज्येष्ठ भाऊंना हे सांगितले, तर ते हसून म्हणाले, चळवळीत दमायची सोय नसते. नवरा बेस्टमध्ये वाहक आहे. त्याने कधी अडवले नाही, पण हल्ली तो काही विचारतही नाही. संध्याकाळी हार्बरच्या गाडीत बसले की वाटते, मानखुर्दला उतरूच नये, पनवेलपर्यंत नुसते बसून राहावे. मी काम सोडून द्यावे का?»

— एक कार्यकर्ती, मानखुर्द

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

काम सोडावे का, या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही आणि तुम्हीही ते आज देऊ नये, असा माझा आग्रह आहे. झोप उडालेल्या माणसाने राजीनामा लिहू नये आणि नवी जबाबदारीही अंगावर घेऊ नये. असे निर्णय थकवा घेतो आणि ते निस्तरावे आपल्याला लागतात. तुमच्या पत्रावरून मला इतके नक्की दिसते, की तुमचे काम आज ज्या रीतीने चालले आहे त्या रीतीने ते कोणाही एका माणसाला झेपणारे नाही, मग त्याची निष्ठा कितीही मोठी असो. म्हणून या उत्तरात तुमच्या मनोधैर्याविषयी कमी आणि संघटनेच्या कारभाराविषयी अधिक बोलणार आहे.

त्याआधी पनवेलच्या गाडीविषयी. ते वाक्य मी थांबून पुन्हा वाचले. बहुतेक वेळा अशा वाक्याचा अर्थ एवढाच असतो, की मला तासभर कोणी हाक मारू नये, आणि तुमच्याही बाबतीत तो तेवढाच असेल, असे मी धरून चालते. तरीही सरळ विचारते : कुठेच उतरू नये, जगूच नये, असा विचार कधी मनात येतो का? येत असेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा आहे. ती मोफत असून अहोरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तसे काही येत नसले, तरी झोप न लागणे आणि छातीत धडधडणे यांचे खापर लगेच मनावर फोडू नका. या वयातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे आणि थायरॉइडचे दुखणे या दोन्ही गोष्टी पुष्कळ आढळतात. दोन्हींत थकवा येतो आणि छातीत धडधडूही शकते. गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात किंवा शीवला जाऊन रक्ताची, थायरॉइडची आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. शीवच्या रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभागही आहे. एरवी ज्या गोष्टींत तुमचा जीव रमतो, मुलीबरोबरचे एखादे निवांत दुपारचे जेवण असो की शेजारच्या लग्नातली हळद, त्यांतही आठवडेच्या आठवडे काहीच वाटेनासे झाले असेल, तर त्या विभागात जाण्याची टाळाटाळ करू नका. वस्तीतल्या कितीतरी जणींचा हात धरून तुम्ही त्याच रुग्णालयात रांगेत उभ्या राहिला असाल. एकदा स्वतःसाठी उभ्या राहा, आणि शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन जा.

आता तुमच्या अवस्थेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची जी व्याख्या केली आहे तिच्यात तीन गोष्टी येतात : शक्ती आटून गेल्याची जाणीव, कामापासून मन दुरावणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. ही जागतिक संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानते. तुमच्या पत्रात या तिन्ही गोष्टी आहेत. आता कोणी म्हणेल, की ही व्याख्या पगारी नोकरीतल्या माणसांची आहे आणि आमची बाई तर घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते, तिला कसला आला बर्नआउट? त्यांना सांगायला हरकत नाही, की हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात झटणाऱ्या माणसांकडे पाहून, आणि दिवसाची कामे आटोपून तिथे राबणाऱ्यांत तो स्वतःही होता. ज्यांची कामावर मनापासून श्रद्धा असते तीच माणसे आधी कोसळतात, हे त्याला तिथे दिसले. त्यामुळे तुमच्या थकव्यावरून तुमच्या बांधिलकीविषयी शंका घेण्याचे कोणालाही कारण नाही, आणि स्वतः तुम्हाला तर मुळीच नाही.

त्या आजींचा प्रसंग तुम्हाला फार बोचतो आहे, असे दिसते. मला त्यात गंभीर वाटते ते निराळेच आहे. रात्री साडेनऊला रेशनकार्डाचे काम होऊ शकत नाही. शिधावाटप कार्यालय दुसऱ्या दिवशीच उघडणार असते, हे तुम्हाला ठाऊक होते आणि बहुधा आजींनाही ठाऊक होते. त्या काम घेऊन आल्या नव्हत्या, काळजी घेऊन आल्या होत्या, आणि ती ठेवायला त्यांना तुमच्या घराखेरीज दुसरी जागा माहीत नव्हती. तुमच्या संघटनेला बारा वर्षांत ती दुसरी जागा तयार करता आलेली नाही. दाराआड बसण्याची पाळी तुमच्यावर आली ती त्यामुळे. आजींना भेटा, काम करून द्या, आणि मुलीला मात्र एवढे सांगा, की त्या दिवशी तुला खोटे बोलायला लावले ते बरोबर नव्हते. पुढच्या वेळी आई दमली आहे, उद्या दहाला कार्यालयात या, असे सांग. हे वाक्य खरे आहे आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलीलाही ते न अडखळता म्हणता येते.

पाणी आले आणि माणसे गेली, ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी जखम असावी, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहिते. मुंबईत पाण्यासाठी लढलेल्या जवळपास प्रत्येक वस्तीचा हा अनुभव आहे, आणि आंदोलनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. त्या बायका संघटनेत आल्या त्या पाण्यासाठी. पहाटे हंडे-कळश्या घेऊन दुसऱ्याच्या दारात मिनतवारी करावी लागू नये, कॅनमागे पैसे मोजावे लागू नयेत, यासाठी त्यांनी मोर्चे काढले, उन्हात आझाद मैदानात बसल्या, त्या दिवसांचा रोजगार बुडवला. नळ आल्यावर त्यांच्या हाताला जो वेळ मोकळा झाला तो त्यांनी कुठे घातला असेल? कोणी जास्तीचे एखादे घरकाम धरले असेल, कोणी मुलांच्या अभ्यासाजवळ बसत असेल, कोणी नुसती तासभर जास्त झोपत असेल. तुम्ही लढलात ती याच तासाभरासाठी. तो तास त्यांनी पुन्हा संघटनेला आणून द्यावा, अशी अपेक्षा ठेवली तर पाण्याचे देणे कधी फिटायचेच नाही. कृतज्ञतेची वाट पाहणारा कार्यकर्ता हळूहळू लोकांचा हिशेब ठेवू लागतो, कोण आले, कोण आले नाही, कोणासाठी मी काय केले, आणि तुम्हाला येणारी चीड त्या हिशेबातूनच येते. तुमचा स्वभाव बिघडला, असे त्यावरून मानू नका.

याचा अर्थ त्यांच्याकडे काही मागूच नये, असा नाही. मागताना नेमके मागावे. बैठकीला या, संघटना मजबूत करा, अशा हाकेला कोणती बाई ओ देईल? तिला काय करायचे तेच त्यात सांगितलेले नसते. तुमच्याकडे मात्र मागण्यासारखे एक काम तयार आहे. वस्त्यांतल्या नळजोडण्या बहुधा गटाला मिळतात आणि प्रत्येक गटाचा एक सचिव असतो. बिल भरणे, वर्गणी गोळा करणे, प्लंबरशी आणि कनिष्ठ अभियंत्याशी बोलणे हे सारे तोच करतो, किंवा तीच करते. म्हणजे पाणी मिळालेल्या गल्ल्यांत आज अशा पाच-पंचवीस बायका आहेत, ज्यांना अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या टेबलावर फाइल अडते आणि कोणत्या साहेबाशी कसे बोलायचे, हे तुमच्याइतकेच ठाऊक आहे. त्यांतल्या एकेकीला पाणी नसलेली एकेक गल्ली द्या. तिने बैठकीला यावे, अशी अट घालू नका. त्या गल्लीतल्या गटाचा अर्ज पुरा होईपर्यंत महिन्यातून दोनदा तिथे जाऊन बसायचे, एवढेच तिला सांगा. सगळ्या हो म्हणणार नाहीत. ज्या म्हणतील त्या पुरेशा आहेत. आजवर तर तुम्ही एकट्याच होतात.

आता ती पेटी. पत्रातला खाटेखालच्या पेटीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण माझ्या मते तुमच्या झोपेचा तिच्याशी थेट संबंध आहे. साठ-सत्तर कुटुंबांचे फोटोपास (झोपडीधारकाची सरकारी ओळखपत्रे), वीजबिले, मतदार यादीचे उतारे, सर्वेक्षणाच्या पावत्या, म्हणजे उद्या घर तुटायची वेळ आली तर त्या कुटुंबांपाशी दाखवायला जे काही आहे ते सगळे, तुमच्या अंथरुणाखाली आहे. पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले, की आधी मुलीला उचलायचे की पेटीला, याचा विचार तुम्ही कधी केला असेलच. ही पेटी तुमच्या घरातून निघाली पाहिजे. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी, सही घेऊन परत द्यायचे. संघटनेने फक्त झेरॉक्स ठेवायची, तीही कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली दोघींकडे. त्याशिवाय एक आवक-जावक वही हवी, जिच्यात कोणाचा कोणता अर्ज कोणत्या तारखेला कुठे दिला आणि पुढची मुदत कधी संपते, हे लिहिलेले असेल. आज ही वही तुमच्या डोक्यात आहे, आणि डोके रात्री मिटून ठेवता येत नाही.

मुदतीचे विशेष सांगते, कारण कार्यकर्त्यांची दमछाक बरीचशी तातडीच्या आणि नुसत्या वाजणाऱ्या गोष्टींची गल्लत झाल्याने होते. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. नाही मिळाले, किंवा मिळाले ते पटले नाही, तर पहिल्या अपिलाला तीस दिवस असतात आणि दुसऱ्याला नव्वद. घर पाडण्याच्या नोटिशीला उत्तर द्यायचे दिवस नोटिशीतच लिहिलेले असतात. या तारखा चुकल्या तर खरोखर नुकसान होते, म्हणून त्या वहीत लाल शाईने लिहाव्यात आणि दर सोमवारी कोणीतरी वाचाव्यात. पहाटे चारला येणारा पाणी आले नाही हा फोन मात्र चारला घेऊन तुम्ही काय करता? पाणीखात्याच्या नियंत्रण कक्षाला फोन करता, आणि तो तर तक्रार करणारी बाईही करू शकते. तो क्रमांक प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. संघटनेसाठी एक साधा स्वतंत्र फोन घ्या, जो आठवड्या-आठवड्याने हात बदलेल. तुमचा खाजगी क्रमांक त्यानंतर फक्त घरच्यांचा. सुरुवातीला लोक रागावतील. तायडीला आता मोठेपणा आला, असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या.

भाऊंच्या वाक्याबद्दल. ते दुष्टपणे बोलले, असे मला वाटत नाही; त्यांच्या पिढीत असेच बोलण्याची रीत होती. घरावर तुळशीपत्र ठेवून निघालेल्या कार्यकर्त्याची प्रतिमा आपल्याकडे फार उजळ आहे, आणि तिच्याविषयी मलाही आदर आहे. मात्र त्या प्रतिमेच्या मागच्या अंगाला नीट पाहिले, तर तिथे बरेचदा एक नोकरी करणारी बायको दिसते. नवरा पूर्णवेळ चळवळीत आणि घर चालते ते तिच्या शाळेतल्या किंवा बँकेतल्या पगारावर. मुलांचे आजारपण, सासू-सासरे, पाहुणे, शिवाय रात्री-अपरात्री येणाऱ्या सहकाऱ्यांचा चहा, हे सगळे तिच्याकडे. महाराष्ट्रातल्या पुरोगामी चळवळींचा किती भार अशा बायकांनी वाहिला, याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. तुम्ही मात्र एकाच वेळी तो कार्यकर्ता आहात आणि ती बायकोही. भाऊंना हे विचारा, रागाने नव्हे, पण विचारा : तुम्ही दमला नाहीत तेव्हा घरी स्वयंपाक कोण करत होते?

विश्रांतीला चळवळीत जागा नसते, हेही खरे नाही. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत आणि भेटायला आलेल्या बड्यांनाही त्या दिवशी चिठ्ठीवरच भागवावे लागे. १९२४ साली आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) शस्त्रक्रियेनंतर त्यांची तुरुंगातून सुटका झाली, तेव्हा ते प्रकृती सुधारायला आपल्याच मुंबईत, जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले होते. (सोमवारीही ते भरपूर लिहीत असत, तेव्हा त्यांची विश्रांती अगदी निर्भेळ होती, असे म्हणता येणार नाही.) महत्त्वाचे हे, की त्यांचा सोमवार सगळ्यांना माहीत होता. विश्रांती चोरून घ्यावी लागली, की ती विश्रांती राहत नाही. दाराआडची ती पाच मिनिटे तुम्हाला लाभली नाहीत ती याच कारणाने. अमेरिकेतल्या चळवळींतल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन पॉल गोर्स्की या संशोधकाने जो अभ्यास केला, त्यातही दिसले, की माणसे खचण्याचे कारण पुष्कळदा विरोधकांपेक्षा आपल्याच मंडळींच्या वागण्यात असते, आणि झिजून जाणे म्हणजेच निष्ठा, अशी समजूत त्यात ठळकपणे येते. भाऊंचे वाक्य तुम्हाला सरकारी अधिकाऱ्याच्या उर्मट उत्तरापेक्षा जास्त लागले, ते म्हणूनच.

आपल्या हातून काही होत नाही, या भावनेविषयी मी तुम्हाला धीर देणार नाही, फक्त काळाचा अंदाज देते. तुम्ही ज्या लढ्यात आहात त्याच्याच तारखा पाहा. २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर दिला तो डिसेंबर २०१४ मध्ये, आणि महापालिकेचे सर्वांसाठी पाणी हे धोरण आले ते २०२२ मध्ये. कागदावरचा हक्क धोरणात उतरायलाच सात वर्षांहून अधिक काळ गेला. ते धोरण तुमच्या उरलेल्या गल्ल्यांत उतरायचे आहेच. त्याहून जुने उदाहरण तुमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात ठाऊक असेल. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी हजारो माणसे पुन्हा महाडला जमली असताना, न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यामुळे त्यांनी तो सत्याग्रह पुढे ढकलला आणि कोर्टाची वाट धरली. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. मधली दहा वर्षे कोणी तळ्याच्या काठावर उपाशी बसून काढली नाहीत. त्या काळात दुसरी कामे झाली, परिषदा झाल्या, संस्था उभ्या राहिल्या, आणि खटला आपल्या गतीने चालला. तुमच्या उरलेल्या गल्ल्यांच्या फाइलीही तशाच चालतील. तुम्ही जागे राहिल्याने त्यांचा वेग वाढत नाही.

या शहराने याच्या उलटही पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोणी गावी गेले, कोणी मिळेल ते काम धरले, कोणी खालमानेने परत कामावर गेले, पण आता हा टप्पा संपला, आपण काय मिळवले आणि काय गमावले ते पाहू, असे म्हणायला कोणी एकत्र बसले नाही. त्या संपाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत आणि त्यात मी शिरत नाही. इतके मात्र लालबाग-परळच्या घराघरांत दिसले, की न संपवलेली लढाई माणसाच्या अंगात चालूच राहते. तुमच्या वस्तीत निम्म्या गल्ल्यांना पाणी आले तेव्हा तुम्ही काय केलेत? नळाला हार घातला असेल, पेढे वाटले असतील, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही उरलेल्या गल्ल्यांचा अर्ज घेऊन निघाला असाल. तो टप्पा नीट संपवायचा राहून गेला. उशीर झाला असला तरी एक सभा घ्या, पाणी आलेल्या गल्ल्यांतल्या बायकांना मुद्दाम बोलवा, त्यांच्याकडून फक्त एवढे ऐका, की नळ आल्यापासून घरात काय बदलले. त्या सभेत कोणतीही मागणी करू नका आणि पुढच्या मोर्चाची तारीखही जाहीर करू नका. गल्ल्यांच्या वाटपाचे बोलणे नंतर, एकेकीच्या घरी जाऊन.

यानंतर रजा. रजेशिवाय हे निभणार नाही, पण आधी पेटी आणि फोन हलवल्याशिवाय घेतलेली रजा वाया जाते, कारण माणूस गावी जातो आणि फोन त्याच्या आधी पोहोचलेला असतो. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय म्हणून मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या : अमुक तारखेपासून सहा आठवडे रजा, वही कोणाकडे, फोन कोणाकडे, वॉर्ड ऑफिसला कोण जाणार, आणि या काळात कोणती कामे होणारच नाहीत. शेवटची यादी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावरच वाद होईल. रजेत एखादा अर्ज चुकेल, कोणी साहेबाशी वाकडे बोलेल, तुम्ही तीन भेटींत केले असते ते काम सहा भेटींत होईल. ते तसे होऊ द्यावे लागेल. तुमच्याशिवाय चालत नाही, हे सिद्ध झाले तर रजा अयशस्वी झाली. तुम्हाला त्यातून जरा समाधान वाटले, तर त्या समाधानाकडे तेवढे संशयाने पाहा.

मानधनाबद्दल थोडक्यात : ते वेळेवर मिळाले पाहिजे, आणि संघटनेला ते शक्य नसेल तर तुम्ही अर्धवेळ होऊन दुसरीकडे पगाराचे काम धरण्यात कमीपणा नाही. पदरमोडीची वेगळी नोंद ठेवा. प्रवासाचे आणि झेरॉक्सचे पैसे तुमच्या घरखर्चातून जाता कामा नयेत. नवऱ्याबद्दल मी फारसे लिहू शकत नाही, कारण त्यांची बाजू मला माहीत नाही. वाहकाची ड्यूटी करून आलेला माणूस गप्प असतो त्याची कारणे पुष्कळ असू शकतात. ते विचारत नाहीत, तर तुम्ही सांगा. आजींच्या रात्रीचे पत्रात मला लिहिलेत तसेच त्यांनाही सांगा.

सहा आठवडे संपल्यावर काम सोडण्याचा प्रश्न पुन्हा काढा. तेव्हाही सोडावेसे वाटले, तर सोडा; बारा वर्षे ही पुरेशी मोठी मुदत आहे, आणि संघटनेच्या बाहेर राहूनही माणसे वस्तीत उपयोगी पडतात. परत यावेसे वाटले, तर आजच्या जागेवर येऊ नका. दोन-तीन कामे निवडून या आणि तीही इतिवृत्तात लिहून घ्या.

हे पत्र बैठकीत वाचून दाखवावे, असे तुमच्या मनात येईल. तसे करायचे असेल तर आजींचा आणि घरचा भाग गाळा. तो तुमचा आहे. भाऊंना मात्र बैठकीआधी एकट्याने जाऊन भेटा. चारचौघांत हा विषय पहिल्यांदा ऐकला, तर त्यांना तो आपल्यावरचा आरोप वाटेल आणि ते तुम्हाला विरोध करतील. आधी सांगितले, तर रजेचा ठराव बहुधा तेच मांडतील.

आपली,
सदरलेखिका